खान्देशातलं अन्न आणि हरितगृह वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर, यावल, चोपडा, शिंदखेडा, नवापूर अशा भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी देशाचा हिशेब आहे, मग आपल्या बागेचा आणि गोठ्याचा, आणि शेवटी पारावर ज्यांच्यावरून वाद होतात ते प्रश्न. जिथे आकडेमोड माझी आहे तिथे काय धरलं तेही लिहिलं आहे. तुमचे आकडे घालून तीच बेरीज करून पाहा.

१. शेतात ना धुराडं ना भट्टी. मग अन्नातून हरितगृह वायू येतात कुठून?

मुख्य वायू तीन. कार्बन डायऑक्साइड डिझेलमधून, कोळशाच्या विजेतून आणि खत कारखान्यातून येतो. मिथेन गाई-म्हशींच्या रवंथातून, पाणी साचलेल्या भातखाचरातून आणि उकिरड्यात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून येतो. नायट्रस ऑक्साइड जमिनीत टाकलेल्या नत्रातून आणि शेणामुतातून येतो. यातलं बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ट्रकच्या धुराकडे बोट जातं आणि युरियाची गोणी सुटते. शीतगृहातल्या वायूचा प्रश्न वेगळा आहे, तो ११ व्या उत्तरात.

२. "कार्बन डायऑक्साइड समतुल्य" हा काय प्रकार आहे?

तिन्ही वायूंची ताकद सारखी नाही, म्हणून सगळे एका मापात आणतात. १०० वर्षांचा काळ धरला तर जनावरांकडून किंवा भातातून येणारा एक किलो मिथेन हा २७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोच्या. काळ २० वर्षांचा धरला तर मिथेनचा आकडा ८० च्या आसपास जातो. जुन्या सरकारी अहवालांत २१ आणि ३१० हे गुणक सापडतील. दोन अहवाल शेजारी ठेवण्याआधी गुणक कोणते वापरलेत ते पाहावं, नाहीतर नसलेली वाढ किंवा घट दिसते. या पानावर माझ्या आकडेमोडीत सगळीकडे २७ आणि २७३ वापरले आहेत.

३. जगाच्या एकूण उत्सर्जनात अन्नाचा वाटा कुणी ३१ टक्के सांगतं, कुणी ३४. खरं काय?

दोन्ही. ३४ टक्के हा २०१५ सालचा आकडा आहे. युरोपियन आयोगाच्या संशोधन केंद्राने जागतिक अन्न व कृषी संघटनेबरोबर तो २०२१ मध्ये मांडला. त्यात अन्नसाखळीचं उत्सर्जन १,८०० कोटी टन निघालं आणि त्यातलं ७१ टक्के शेती व जमीनवापरातल्या बदलांचं होतं. ३१ टक्के हा अन्न व कृषी संघटनेच्या नंतरच्या कामातला, २०१९ सालचा आकडा: १,६५० कोटी टन. कुंपण कुठे घातलं, म्हणजे हिशेबात काय काय धरलं, जंगलतोडीचा हिशेब कसा केला, यावर दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतोच. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या अभ्यासातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. १,६५० पैकी ५८० कोटी टन हे शेताच्या बांधाबाहेरचं होतं: खतनिर्मिती, प्रक्रिया, पॅकिंग, वाहतूक, दुकानं, स्वयंपाक, कचरा. १९९० च्या तुलनेत हा भाग दुप्पट झाला आहे.

४. भारताच्या सरकारी अहवालात शेती १४ टक्क्यांच्या आतच आहे. मग अन्नाचा एक तृतीयांश वाटा ही पाश्चात्त्यांची हातचलाखी नाही का?

नाही. रकाने वेगळे आहेत. राष्ट्रीय अहवालात "शेती" म्हणजे फक्त रवंथ, शेणखत, भातखाचरं, जमिनीतला नत्र आणि शेतातलं जाळणं. विहिरीवरच्या मोटरची वीज "ऊर्जा" या रकान्यात जाते, ट्रॅक्टरचं डिझेलही तिथेच. युरियासाठी अमोनिया बनवणारा कारखाना उद्योग-ऊर्जेत, सडलेली भाजी "कचरा" या रकान्यात. आपल्या केळीच्या एका घडाचा हिशेब असा चार रकान्यांत विखुरलेला असतो आणि "अन्न" नावाचा रकानाच नसतो. अन्नसाखळीचे अभ्यास हे तुकडे पुन्हा जुळवतात. जगाचा एक तृतीयांश हा आकडा मात्र भारताला जसाच्या तसा चिकटवू नये. देशागणिक तो बदलतो.

५. भारतात शेतीचं उत्सर्जन गेल्या तीस वर्षांत घटलं की वाढलं?

वाटा घटला, आकडा वाढला. १९९४ च्या हिशेबात देशाचं एकूण उत्सर्जन सुमारे १२३ कोटी टन होतं आणि शेतीचा वाटा २८ टक्के, म्हणजे ३४ कोटी टनांच्या आसपास. २०१६ मध्ये शेतीचं सुमारे ४१ कोटी टन होतं, पण वाटा १४ टक्क्यांवर आलेला. २०२० मध्ये, कोविडच्या वर्षात, एकूण सुमारे २९६ कोटी टन आणि शेती १३.७२ टक्के. शेतीने फार काही कमी केलं असं नाही, कोळसा आणि कारखाने तिच्यापुढे धावले. वर्तमानपत्रात "शेतीचा वाटा निम्म्यावर" असा मथळा दिसला की हे आठवावं.

त्यातही शेतीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. देशाचं दूध १९५०-५१ मध्ये १.७ कोटी टन होतं, ते २०२३-२४ मध्ये जवळपास २४ कोटी टन झालं. मिथेन त्या पटीत वाढला नाही, कारण दर जनावरामागचं दूध वाढलं.

६. एक किलो केळी खाल्ली तर नेमकं किती?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

एक एकर धरा, पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे सुमारे १,७४० झाडं. घड चांगले आले तर २५ टन माल धरू.

नत्र: झाडाला २०० ग्रॅम धरलं तर एकरी ३४८ किलो. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर ४५ किलोच्या जवळपास १७ गोण्या. दिलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, हे आंतरराष्ट्रीय हिशेबातलं प्रमाण. त्यावरून एकरी सुमारे १,४९० किलो समतुल्य. शिवाय युरिया जमिनीत फुटताना स्वतःमधला कार्बन सोडतो, तो ५५५ किलो. एकूण २,०५० किलोच्या आसपास, म्हणजे एक किलो केळीमागे ८२ ग्रॅम. एका गोणीचा हिशेब हवा असेल तर सुमारे १२२ किलो, आणि यात गोणी कारखान्यात तयार होतानाचं उत्सर्जन धरलेलं नाही.

पाणी: ठिबकवर वर्षाला ५० लाख लिटर धरू. हजार लिटर पाणी १०० मीटर वर खेचायला, मोटर-पंपाची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के असेल तर, ०.६८ युनिट लागतं. एकरी ३,४०० युनिट झाले. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे २,४५० किलो, किलोमागे ९८ ग्रॅम. विहिरीचं पाणी ४० मीटरवर असेल तर हेच ३९ ग्रॅमवर येतं.

ट्रक: १५ टन माल, दिल्लीपर्यंत १,२०० किलोमीटर, लिटरला ४ किलोमीटर. ३०० लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो. म्हणजे ८०४ किलो, एक किलो केळीमागे ५४ ग्रॅम. ट्रक रिकामा परतला तर जास्त.

बेरीज २३० ग्रॅमच्या पुढे जाते. खोल बोअर असलेल्या भागात मोटर युरियालाही मागे टाकते, आणि ट्रक तिसऱ्या नंबरावर राहतो. रेल्वेने माल गेला तर वाहतुकीचा भाग बराच खाली येतो. सावदा, रावेर, निंभोरा स्टेशनांवरून केळीच्या वॅगन भरण्याची पद्धत भाड्याच्या दृष्टीने परवडणारी होती, ती या हिशेबातही परवडते.

७. आम्ही ठिबकवर आलो. आमचं उत्सर्जन कमी झालं ना?

एकरी, हो. दोन वाटांनी. पाणी कमी म्हणून वीज कमी (प्रश्न ६), आणि खत ठिबकमधून थोडं थोडं गेल्यामुळे नत्राची उधळण कमी. नायट्रस ऑक्साइड सर्वांत जास्त केव्हा निघतो? जमिनीत नत्र भरपूर आणि हवा कमी असते तेव्हा. म्हणजे युरिया फोकून वर मोकाट पाणी सोडलं की.

आता अडचणीची बाजू. यावल-रावेर पट्ट्यात ठिबक आलं आणि वाचलेल्या पाण्यावर शेजारचं कोरडवाहू रानही बागाईत झालं. शेतकऱ्याने काही चूक केली असं नाही, उत्पन्नासाठी कोणीही तेच करेल. पण मग तालुक्याची एकूण वीज घटत नाही, आणि पाणी खाली गेलं की प्रत्येक लिटर महाग पडतं. एकरी हिशेब आणि तालुक्याचा हिशेब वेगळे ठेवा.

८. सोलर पंप बसवला तर मोटरचा भाग शून्य धरायचा?

चालवण्याचा भाग जवळपास शून्य, हो. पॅनेल आणि स्टील बनवतानाचं उत्सर्जन उरतं, पण ते वीस-पंचवीस वर्षांवर वाटलं जातं. राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अख्खा फीडरच (शेतीला वीज आणणारी वाहिनी) सौर विजेवर घेण्याचं काम चालू आहे. तुमचा फीडर त्यात असेल तर स्वतःचा पंप न बदलताही हा भाग घटतो. फुकटच्या उन्हावर बोअर दिवसभर चालू ठेवला तर पाण्याचं काय होतं ते सातव्या उत्तरात आलंच आहे.

९. दूध शाकाहारी आहे. त्याचा आकडा केळीपेक्षा जास्त कसा?

रवंथामुळे. म्हशीच्या पोटात चारा आंबतो तेव्हा सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. एक म्हैस वर्षाला साधारण ५० किलो मिथेन सोडते असं धरा, म्हणजे १,३५० किलो समतुल्य. वर्षाला १,५०० लिटर दूध देत असेल तर नुसत्या रवंथाचे लिटरमागे ९०० ग्रॅम झाले. भाकड काळ लांबला, वेत उशिरा आलं, तर मिथेन तोच राहतो आणि दूध घटतं, म्हणून लिटरमागचा आकडा चढतो. देशाच्या शेतीतल्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त भाग याच रवंथाचा आहे.

सुक्या कडब्यावरच ठेवलेल्या जनावरापेक्षा हिरवा चारा, पेंड, खनिज मिश्रण नीट मिळणाऱ्या जनावराचं दर लिटर उत्सर्जन कमी असतं. वेळेवर गाभण राहणारी म्हैस ही मालकाच्या आणि हवेच्या, दोन्हींच्या फायद्याची. शेण गोबरगॅसमध्ये गेलं तर त्यातला मिथेन चुलीखाली जळतो, आणि तो हवेत जाण्यापेक्षा जळणं कधीही बरं.

१०. बैलजोडी विकून ट्रॅक्टर लावला तर पर्यावरणाचं भलं की नुकसान?

पारावर या प्रश्नावर आवाज चढतात. एका बैलाचं वर्षाला ३० किलो मिथेन धरा. जोडीचं ६०, म्हणजे १,६२० किलो समतुल्य. तेवढंच उत्सर्जन साधारण ६०० लिटर डिझेलमधून होतं. लहान शेतकऱ्याचं भाड्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल वर्षाला याहून बरंच कमी असतं. कागदावर ट्रॅक्टर जिंकतो.

पण कागद सगळं सांगत नाही. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपास टिकतो. जोड्यांची संख्या तीच राहिली तर हवेतला त्यांचा मिथेन साचत जात नाही. डिझेलचा कार्बन जमिनीखालचा असतो आणि त्यातला मोठा भाग शतकानुशतकं वरच राहतो. शिवाय बैल शेण देतात, कडबा खातात. बैल गेले तर शेणखताची जागा युरिया घेतो आणि त्याचा हिशेब सहाव्या उत्तरात आहे. माझं मत विचाराल तर, पोळ्याला शिंगं रंगवणाऱ्या माणसाला त्याची जोडी हवामानासाठी विकायला सांगण्याची काही गरज नाही. देशाचं उत्सर्जन त्याच्या दावणीला बांधलेलं नाही.

११. केळी पिकवायच्या चेंबरमधला गॅस घातक असतो का?

दोन गॅसची गल्लत होते. पिकवायला सोडतात तो इथिलीन. तो फळ स्वतःही सोडतं आणि हरितगृह वायूंच्या हिशेबात तो धरत नाहीत. (कॅल्शियम कार्बाइड ही वेगळी भानगड, त्याने फळं पिकवण्यावर बंदी आहे.) काळजी आहे ती थंडावा देणाऱ्या यंत्रातल्या गॅसची. जुन्या यंत्रांत आर-२२ असतो, एक किलोची ताकद सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडची. शीतगृहांतला आर-४०४ए तर ३,९०० च्या घरात. यंत्र दर हंगामात गॅस "पीत" असेल, म्हणजे भरावा लागत असेल, तर तो कुठे पीत नाही, गळतो. दहा किलो आर-४०४ए गळाला की जवळजवळ ४० टन झाले. सहाव्या उत्तरातल्या हिशेबाने दिल्लीच्या पन्नासेक खेपांएवढं. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती (थंडाव्याचे असे वायू कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्य केली आहे. त्यानुसार आर-४०४ए सारख्या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. नवीन चेंबर बांधणाऱ्याने अमोनियासारख्या पर्यायाची चौकशी आत्ताच करावी.

१२. हिवाळ्यात भरीत पार्टीला पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतो. तो धूर मोजायचा?

पऱ्हाटीतला कार्बन कपाशीने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. जळल्यावर तो परत जातो, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत. अपुऱ्या जाळातून निघणारा थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा धरतात. पन्नास माणसांच्या पार्टीत तो नगण्य. धुराने डोळे चुरचुरतात ही आरोग्याची बाब, तिची वही वेगळी. अख्ख्या शेतातल्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून देणं मात्र वेगळं. तिथे जमिनीत जाऊ शकणारा काडीकचराही वाया जातो.

१३. मग घरातला गॅस?

१४.२ किलोचा सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. चुलीच्या लाकडाचं उत्तर वरच्यासारखंच, पण एका अटीवर: झाड परत वाढत असेल तर. सातपुड्यातून तोडून आणलेलं आणि परत न उगवलेलं लाकूड या सवलतीत बसत नाही.

१४. कापूस खात नाहीत. तर सरकीचं तेल आणि पेंड अन्नाच्या हिशेबात येतात का?

येतात, पण पूर्ण पिकाचा बोजा त्यांच्यावर टाकता येत नाही. कपाशीच्या खताचं उत्सर्जन रुई आणि सरकीत वाटावं लागतं. वजनावर वाटलं तर सरकीच्या माथी मोठा भाग येतो, कारण कापसात वजनाने सरकीच जास्त. बाजारभावावर वाटलं तर रुईवर जातो. अभ्यासक बहुधा किमतीवर वाटतात. पुढे पेंड म्हशीने खाल्ली की तो वाटा दुधात जाऊन बसतो. म्हणून दुधाचे दोन आकडे जुळले नाहीत तर आधी पेंडीची वाटणी कशी केली ते विचारा.

१५. शेवभाजीतली शेव पामतेलात तळलेली. त्याचं उत्सर्जन कुणाच्या नावावर?

देशांच्या अधिकृत हिशेबात, जिथे तयार झालं त्याच्या नावावर. पामच्या बागांसाठी इंडोनेशियात जंगल तुटलं तर ते इंडोनेशियाच्या वहीत. भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल आयात करतो, त्यामुळे आपल्या ताटाचा एक मोठा तुकडा आपल्या अहवालात दिसतच नाही. खाणाऱ्याच्या नावावर हिशेब मांडणारे अभ्यास वेगळे असतात, त्यांत तो येतो.

१६. नवापूर-धडगावकडचा डोंगरउतारावरचा भात पंजाबच्या भातासारखाच मोजतात का?

नाही. मिथेन साचलेल्या पाण्यामुळे होतो. पाणी निचरून जाणाऱ्या उतारावरच्या, पावसाच्या भातात तो फार कमी. सतत भरलेल्या खाचराचा गुणक तिथे लावणं चूक. नंदुरबारच्या पथारींवर उन्हात वाळणाऱ्या मिरचीलाही असंच कोणी यंत्रात वाळवल्याचा गुणक लावू नये.

१७. जूनच्या वादळात बाग आडवी झाली. माल विकलाच नाही, तर उत्सर्जनही नाही ना?

दुर्दैवाने आहे. युरिया दिलेला असतो, वीज जळलेली असते. देशाच्या वहीत ते सगळं येतंच, कारण ती वही खत आणि वीज मोजते, घड मोजत नाही. किलोमागचा आकडा मात्र उसळतो: २५ टनांऐवजी १० टन हाती आले तर खत-पाण्याचे १८० ग्रॅम ४५० होतात. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगामुळे रोपं उपटून टाकावी लागतात तेव्हाही हेच. आडवी खोडं नाल्यात ढकलली तर पाण्यात हवेविना कुजून मिथेन सोडतात. तुकडे करून शेतातच पसरली किंवा हवेशीर कंपोस्ट केली तर तो टळतो आणि पालाश परत मिळतं. पीक विम्याचा पंचनामा होईपर्यंत मात्र हलवू नका.

१८. ठिबक आहे, बांधावर झाडं आहेत. कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील असं सांगत लोक फॉर्म भरून घेतात. भरायचा का?

एक कसोटी लावा. क्रेडिट म्हणजे उत्सर्जन घटवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, आणि ते मिळतं योजनेमुळे झालेल्या जास्तीच्या बदलाला. दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशाने बसवलेलं ठिबक त्यात सहसा बसत नाही. त्यामुळे जुन्या ठिबकवर पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्याकडून करार मराठीत मागा आणि त्यात किती वर्षं बांधलेले राहणार, मोजणीचा खर्च कोण देणार, जमीन विकली तर काय, हे वाचा. सही नंतर.

१९. आमची केळी आखाती देशांत जाते. जहाजाचं उत्सर्जन भारताचं की तिकडचं?

कुणाचंच नाही. शेतापासून मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरापर्यंतचं भारताच्या वहीत. रेफर कंटेनर (माल थंड ठेवणारी पेटी) एकदा जहाजावर चढला की आंतरराष्ट्रीय जलवाहतुकीचं इंधन देशांच्या एकूण बेरजेबाहेर, वेगळ्या टिपेत नोंदवतात. खरेदीदाराने मालाचा कार्बन आकडा मागितला तर मात्र जहाज धरावंच लागतं, कारण तो हिशेब पेटीचा असतो, देशाचा नव्हे.